त्यांच्या घंटा

आमच्या रूममध्ये अधिकृतपणे तीन जण राहतात. रेक्टर सरांनी हे पान वाचलंच, तर त्यांची आधीच माफी मागून सांगतो की गेली दोन वर्षं तिथे चौथाही राहतो. तो वसईचा. लोकलच्या अंतरावर घर असलेल्यांना होस्टेल मिळत नाही आणि सबमिशनच्या दिवसांत अंधेरीहून शेवटची विरार पकडण्यात काही राम नसतो. म्हणून त्याने एक दिवस आमच्या खोलीत गादी टाकली आणि रीतसर 'पॅरासाइट' झाला. अख्खी विंग त्याला वसईकरच म्हणते. परीक्षेच्या आदल्या रात्री निम्म्या विंगला स्ट्रक्चर्स तोच शिकवतो, त्यामुळे तक्रार करायला कुणी गेलं नाही.

मी वाईचा, आणि माझं आजोळ मेणवली. 'स्वदेस' पाहिलेल्यांनी आमचा घाट पाहिलाय. वर नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णा आणि देवळाशेजारी टांगलेली ती भलीमोठी घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळाला घेतलेली मेरी आहे. लहानपणी आजोबा मला उचलून धरायचे आणि मी त्या बाळाच्या डोक्यावर बोट फिरवायचो. "चिमाजी अप्पांनी वसईहून आणली," हे आजोबांचं ठरलेलं वाक्य. ऊर भरून यायचा. खरं तर तेव्हा वसई म्हणजे फक्त वेलची केळी एवढंच मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी शिवजयंतीला होस्टेलच्या हॉलमध्ये मी भाषण केलं. माझा आवाज मोठा. आजी तर मला 'नारोशंकराची घंटा'च म्हणते. (नाशिकची ती घंटासुद्धा वसईचीच, पण हे तेव्हा आजीलाही माहीत नव्हतं आणि मलाही.) मी १७३९चा वेढा रंगवून सांगितला, तटाखाली खणलेले सुरुंग सांगितले, उडालेला बुरूज सांगितला. आणि शेवटी हात वर करून म्हणालो, "त्यांच्या घंटा आज आपल्या देवळांत वाजतात!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

माइक लावून देणारा वसईकरच होता. कार्यक्रम संपल्यावर त्याने वायर गुंडाळली आणि गादी आमच्या खोलीत असूनही तो विरार गाठायला निघाला. जिन्यात एवढंच म्हणाला, "त्यांच्या म्हणजे कोणाच्या रे?"

मी म्हटलं, "पोर्तुगीजांच्या, अजून कोणाच्या!" तो हसला आणि गेला. पुढचे तीन आठवडे गादी तशीच गुंडाळलेली. वसईकर सामवेदी ख्रिस्ती आहे, घरी 'सुवार्ता' मासिक येतं, मराठी माझ्यापेक्षा चांगलं लिहितो, हे सगळं मला ठाऊक होतं. पण ते आणि माझं भाषण ह्यांचा काही संबंध असेल, हे टाळक्यात शिरलं नव्हतं.

नंतर तो परत आला, विषय निघाला नाही आणि मीही काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मला जर्मनीत कार्ल्सरुहच्या एका काँक्रीट लॅबमध्ये आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. शनिवार-रविवार मोकळा. युरोपात आलोय तर राजवाडे-किल्ले बघितलेच पाहिजेत, फोटो काढून घरी पाठवले पाहिजेत, हा आपला नियम! पहिल्याच शनिवारी हायडेलबर्गला गेलो. नेकार नदीच्या वर, डोंगराच्या कुशीत लाल दगडाचा किल्ला. तिकीट काढताना मेसच्या आठवड्याच्या बिलाचा हिशेब डोक्यात आलाच. त्या तिकिटात डोंगरावर नेणाऱ्या छोट्या रेल्वेचं भाडं धरलेलं असतं, तेवढंच समाधान.

वर जाऊन बघतो तर काय, निम्मा किल्ला पडलेला! छप्परं नाहीत, खिडक्यांतून पलीकडचं आकाश दिसतंय. दोन लाख लिटरहून मोठं, १७५१ साली बनवलेलं दारूचं लाकडी पिंप मात्र शाबूत. (फोटो होस्टेलच्या ग्रुपवर टाकल्यावर काय काय प्रतिक्रिया आल्या त्या इथे छापता येणार नाहीत.) मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो तो दारूगोळ्याच्या बुरुजापाशी. १६९३ साली फ्रेंचांनी तो सुरुंगाने उडवला. भिंतीची जाडी साडेसहा मीटर. आपल्या खोलीची लांबीही एवढी नाही. एवढी भिंत फुटली आणि तिचा एक अख्खा तुकडा, चुरा न होता, जसाच्या तसा खंदकात निसटला. अजून तिथेच पडलाय. दगड आणि चुन्याचा असला बाँड आमच्या लॅबमध्येही बघायला मिळत नाही.

गाइड साठीची बाई होती. तिने सगळं सांगितलं. चौदाव्या लुईने धाकट्या भावाच्या बायकोच्या माहेरचा वारसा मागितला, त्यावरून युद्ध पेटलं, १६८९ आणि १६९३ असं दोनदा फ्रेंच सैन्य आलं, गाव जाळलं, किल्ला उडवला. १७६४ साली वर वीजही पडली. मग गावकरीच घरं बांधायला इथले दगड नेऊ लागले. आमच्या घोळक्यात एक फ्रेंच जोडपं होतं. मी त्यांच्याकडेच बघत होतो. आता काय होतंय? काही झालं नाही. बाईने एकही गोष्ट गाळली नाही, पण एकदाही 'ह्यांनी' आणि 'आम्ही' म्हटलं नाही. लुई म्हणाली, सैन्य म्हणाली, सेनापती म्हणाली. पुढे तिने सांगितलं की १८१० साली ग्राइमबर्ग नावाचा एक फ्रेंच उमराव इथे आला, ह्या पडक्या भिंतींच्या प्रेमात पडून कायमचा राहिला आणि दगड नेणाऱ्यांना त्यानेच अडवलं. तो नसता तर आज दाखवायला काही उरलं नसतं. सगळ्यात जास्त प्रश्न त्या जोडप्यानेच विचारले.

जिन्यातलं ते "कोणाच्या रे?" तिथे, त्या खंदकाच्या कठड्याशी, मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. पोर्तुगीज फौज तर तहाप्रमाणे हत्यारं आणि निशाणं घेऊन, वाजतगाजत वसईतून निघून गेली. मागे राहिले ते भाजीवाले, बागायतदार. म्हणजे वसईकरचे खापरपणजोबा.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी त्याला म्हटलं, "तुझा किल्ला दाखव." तो म्हणाला, "दोन वर्षं लागली तुला." अंधेरी ते वसई रोड, पुढे बसने किल्ला. ऑगस्टचा पाऊस, तटावर शेवाळ, आणि दर दोन कमानींआड एक लग्नाआधीचं फोटोशूट. तिकीट कुणी मागितलं नाही. हायडेलबर्ग बघून आलेल्या डोळ्यांनी सांगतो, बांधकामात आपली वसई कुठेही कमी नाही. १५३४ ते १७३९ पोर्तुगीज इथे होते, आणि आत एक सबंध शहर होतं. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीवर पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा. वरून पाणी टपकत होतं, आम्ही चपला हातात घेऊन कडेकडेने चाललो. संत गोन्सालो गार्सियांचं चर्च त्याने आवर्जून दाखवलं. हा वसईचाच मुलगा, १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. पुढे नागेश्वराचं देऊळ, चिमाजी अप्पांचा पुतळा. मग सेंट जोसेफचा मनोरा. मी मान वर करून बघत राहिलो. आत काहीच टांगलेलं नव्हतं.

तिथे उभ्या उभ्या मी त्याला जर्मनीतलं सगळं सांगितलं आणि त्या भाषणाबद्दल सॉरी म्हटलं. तो बराच वेळ छत्रीच्या दांड्याशी खेळत राहिला.

"मला चिमाजी अप्पांचा राग नाही रे," तो म्हणाला. "शाळेत वक्तृत्व स्पर्धेत मी त्यांच्यावर बोललोय, बक्षीसही मिळालंय. पण तू 'त्यांच्या' म्हणालास, हॉलमध्ये सगळे टाळ्या वाजवत होते, आणि आपण कुठल्या बाजूला बसलोय तेच मला कळेना. मीसुद्धा टाळ्या वाजवत होतो, माहितीये?"

दुपारी त्याच्या घरी जेवलो. बोंबील काय होते म्हणून सांगू! हात धुताना तो आईला म्हणाला, "हा मेणवलीचा. आपली एक घंटा ह्यांच्या गावात आहे." काकूंना खरं वाटेना. मी मोबाइलवर फोटो काढून दाखवला. त्यांनी पदराला हात पुसले, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि त्या मायलेकरांकडे बघत राहिल्या.

"कोणी नमस्कार करतं का हिला?"

"माझी आजी करते. जाता-येता. ती म्हणते, कडेवर लेकरू आहे म्हणजे देवीच असणार."

काकूंनी फोटो पाठवायला सांगितला. निघताना सुकेळ्यांची दोन पुडकी हातात दिली, एक होस्टेलला आणि एक आजीला. पहिलं भाईंदरच्या पुलावरच संपलं. दुसरं मी कपाटात कुलपात ठेवलंय. दिवाळीच्या सुट्टीत वसईकर माझ्याबरोबर मेणवलीला येतोय, तेव्हा तोच ते आजीला देईल. सध्या तो रोज रात्री कुलपाची किल्ली मागतो. मी देत नाही.