साडेसहाशे किलो

भंगारवाल्याने बॉनेट उघडलंच नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या टायरवर पाय दाबून पाहिला आणि बाबांना म्हणाला, "शेठ, अठरा हजार. आजच उचलून नेतो." मारुती ८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं. त्याने हिशेब किलोचा केला होता. बाबांनी डाव्या हाताने नको म्हणून खूण केली. लकवा आल्यापासून उजवा हात त्यांचं ऐकत नाही.

गाडी १९९९ ची, नंबर एमएच-०४. पालघर जिल्हा व्हायला तेव्हा पंधरा वर्षं होती आणि आमच्याकडच्या गाड्या ठाण्याच्या नावाने धावायच्या. बाबांनी ती २००९ मध्ये बोर्डीच्या एका चिकूवाडीवाल्याकडून जुनी घेतली. माझ्या आठवणीतली गाडी मात्र २०१८-१९ च्या हिवाळ्यातली आहे. त्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. भिंतींना तडे गेले आणि लोक थंडीत घराबाहेर झोपायला लागले. आमची आजी पुढच्या सीटवर झोपायची, मी आणि भाऊ मागच्या, आणि आईबाबा बाहेर खाटेवर. अठरा हजारांत ते सगळं बसत नव्हतं.

पण नुसत्या आठवणींसाठी कोणी गाडी दुरुस्त करत नाही. बाबांना दर महिन्याला वापीला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. आमच्याकडची बरीच माणसं उपचाराला गुजरातेतच जातात, तेच जवळ पडतं. शेअर इकोत लकवा झालेल्या माणसाला चढवणं म्हणजे चार जणांची मदत आणि आठ जणांचे कंटाळलेले चेहरे. भाड्याची गाडी केली तर एका खेपेला दीड-दोन हजार. मी उंबरगावच्या जीआयडीसीत लॅबमध्ये काम करते. पगाराचा आकडा इथे लिहीत नाही.

मला शिकवलं शेजारच्या काकांनी. हायवेवरच्या ट्रक गॅरेजमध्ये त्यांची हयात गेली. आता डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून ते खाटेवर बसून सांगणार आणि मी करणार. मला वाटलं इंजिनापासून सुरुवात होईल. ते म्हणाले, "पोरी, इंजिन बाजारात मिळतं. पत्रा मिळत नाही. आधी पत्रा ठोक."

तुम्ही जुनी गाडी बघायला जाणार असाल तर एवढं नक्की करा: आतली मॅट उचला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जा. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, गंजलेला भद्द वाजतो. जॅक लावायची जागा, दाराखालची पट्टी, बॅटरीखालचा भाग, डिकीत स्टेपनी ठेवायचा खड्डा, पाणी साठतं त्या या जागा. आमची गाडी दहा वर्षं समुद्राच्या वाऱ्यात उभी होती. खारं पाणी वीज चांगली वाहतं, म्हणून त्यात लोखंड झपाट्याने गंजतं. शिवाय हवेतला ओलावा मीठ धरून ठेवतं, त्यामुळे वरून सुकलेला पत्राही आत ओलाच राहतो. पुढच्या डाव्या सीटपुढची मॅट उचलली तर भोकातून अंगणातली कोंबडी दिसली. काका हसले नाहीत. "गेट-ग्रिलवाल्याकडे नेऊ नको, तो भोक मोठं करून देईल," म्हणाले. गॅस वेल्डिंगवाला उंबरगावात सापडला. त्यावर रेड ऑक्साइड मी मारलं, दोन हात.

इंजिन त्यामानाने भलं निघालं. डिपस्टिकवरचं तेल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. दुधाळ असतं तर तेलात पाणी शिरलंय असं समजायचं, आणि मग भंगारवाल्याला फोन करावा लागला असता. रेडिएटरचं झाकण गार इंजिनावरच उघडायचं, हे काकांनी तीनदा सांगितलं. मग प्लग. सिलिंडर तीन, प्लग तीन. प्लगचं टोक पिकल्या चिकूच्या सालीसारखं बदामी दिसलं की जळण ठीक. आमचे तिन्ही काळेकुट्ट आणि कोरडे. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. कारण शोधायला दोन दिवस लागले: एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने गवत भरलं होतं आणि चोकची केबल गंजून अर्ध्यावर अडकली होती. कार्बोरेटर उघडला तेव्हा काकांनी ताकीद दिली, जेटमध्ये तार घालायची नाही, भोक रुंद होतं. हवेनेच साफ करायचं. पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटाने वाकवल्या तर चिरा दिसल्या. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. सगळ्या नळ्या बदलल्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला होता ते कुणालाच आठवत नव्हतं, म्हणून तोही बदलला.

ब्रेक मात्र मी एकटीने केले नाहीत. एका गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. मागच्या चाकातलं सिलिंडर गळत होतं आणि लायनर तेलकट झाले होते. दोन्ही बाजूंचं सामान एकदम बदललं, नाहीतर गाडी ब्रेक मारल्यावर एका अंगाला ओढते. मग पाइपांतली हवा काढायची. त्यासाठी आत पेडल दाबायला माणूस लागतं. आई पदर खोचून ड्रायव्हरच्या सीटवर बसली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी चाकापाशी पालथी. "आई, दाब. धरून ठेव." निपल सैल केला की बाटलीतल्या नळीत बुडबुडे, निपल घट्ट केल्यावर "आता सोड". बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मध्येच तिने विचारलं, "हे मधलं पेडलच ना गं?" बाबा ओट्यावरून हसले. त्यांचं हसू आता एका बाजूनेच येतं.

टायरची नक्षी खोल होती, पण कडेला कोरलेले आकडे १२१५ होते, म्हणजे २०१५ च्या बाराव्या आठवड्यातले. बाजूला बारीक चिरा. चारही बदलले.

एकूण खर्च एकतीस हजार झाला. व्यवहार म्हणून हा तोट्याचाच सौदा, कोणी विचारलं तर मी सरळ सांगते. त्यात फेरनोंदणी. पंधरा वर्षांपुढच्या खासगी कारचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झालं. पर्यावरण कर, विमा, पीयूसी वेगळं. फॉर्म २५ भरून गाडी तपासणीला न्यायची. चॅसी नंबर वाचता यायला हवा. आमचा गंजाखाली होता. घासलेटच्या बोळ्याने एकेक आकडा वर काढला. तपासणाऱ्या साहेबांनी हेडलाइट, हॉर्न, ब्रेक पाहिले, खाली वाकून पत्रा पाहिला आणि म्हणाले, "कुणी केलं हे?" मी म्हटलं, "घरीच."

वापीला जाताना आता भिलाडला पेट्रोल भरतो, तिकडे स्वस्त पडतं. बाबा पुढे बसतात. सीट पूर्ण मागे सरकवली की त्यांचा उजवा पाय नीट मावतो. एसी नाही. मागचा डावा दरवाजा आतून उघडत नाही. त्याचं कुलूप जुन्या गाड्यांच्या सामानात शोधतेय. ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, पण सामान अजून मिळतं. तोवर मागे बसलेल्या आईला आम्ही बाहेरून दार उघडून देतो आणि ती सावकाश, साडी सावरत उतरते.