जे वाजेल ते खणायचं

चि. मनू,


ताईने पाठवलेला व्हिडिओ काल रात्री पाहिला आणि झोप उडाली. गणपतीपुळ्याला, मावळतीला, छातीभर पाण्यात, एकटी! हातात कुणाकडून तरी मागून आणलेला मेटल डिटेक्टर आणि पाठ समुद्राकडे. एका अनोळखी मुलीचं मंगळसूत्र शोधून द्यायला तू उतरली होतीस हे ताईने नंतर सांगितलं. ऊर भरून आला. पण मी आधी रागावणार आहे. समुद्राला पाठ दाखवायची नाही, हे तुला वेगळं सांगायला हवं होतं का?

आता तुझा प्रश्न. ‘मामा, सोनं ओळखणारं, खूप खोल जाणारं आणि पाण्यात चालणारं यंत्र घ्यायचंय, कुठलं घेऊ?’ यातलं शेवटचं तेवढं मिळेल.

सोनं ओळखणारं यंत्र जगात नाही. कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र बाहेर पडतं, त्यामुळे धातूत विजेचे बारीक भोवरे उठतात आणि त्यांची चाहूल कॉइलला लागते, एवढाच हा खेळ. ती चाहूल धातूवर अवलंबून असते, तशी आकारावर, जाडीवर आणि वस्तू सलग आहे की तुटलेली यावरही असते. त्यामुळे पातळ अंगठी, चॉकलेटची चुरगळलेली चांदी आणि बिअरच्या डब्याची कडी यांचे आकडे पडद्यावर एकमेकांत मिसळतात. कचऱ्याचा त्रास नको म्हणून तू ते आकडे गाळलेस की अंगठीही गाळली गेली. जोडव्यांचं आणखी अवघड. त्यांची टोकं जुळलेली नसतात, म्हणून चांदीची असूनही ती बंद अंगठीसारखी खणखणीत वाजत नाहीत.

म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो, गाळणी लावायची नाही. जे वाजेल ते खणायचं. जहाजावर असताना फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर पहाटे कॉइल फिरवत चालणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. १७१५च्या जुलैत स्पेनचा खजिना नेणारा ताफा तिथे चक्रीवादळात सापडला, अकरा जहाजं बुडाली, आणि मोठ्या वादळाने वाळू कापली की आजही तिथे नाणी वर येतात. त्यांतले एक आजोबा खिळा निघाला तरी तो वाकून कमरेच्या पिशवीत टाकत. मी विचारलं तर म्हणाले, हा इथेच ठेवला तर उद्या परत वाजेल आणि याच्याखाली काय आहे ते कधीच कळणार नाही. लोखंडाखाली सोनं झाकलं जातं, मनू. शिवाय तो खिळा, तो गंजका गळ कुणाच्या तरी पोराच्या पायात जायचा असतो. तू दिवसभर फिरून पिशवीभर पत्रे, बुचं आणि गळ घेऊन घरी आलीस, तरी मी तो दिवस वाया गेला असं म्हणणार नाही. आपल्या किनाऱ्यावर हे काम करणारं मी तरी कुणी पाहिलेलं नाही. सोन्याआधी हे करायला तयार असशील तरच यंत्र घे, नाहीतर घेऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे.

विषय भरकटला. यंत्राकडे येतो.

व्हिडिओत त्या डिटेक्टरची किरकिर ऐकू येत होती. तू कॉइल हलवलीस की किरकिर, लाट आली की किरकिर. ते यंत्र बिघडलेलं नव्हतं. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या यंत्राला ओली वाळू म्हणजेच धातू वाटते. त्यात आपल्याकडे काळी वाळू. काळबादेवी, मिऱ्याकडच्या वाळूत इल्मेनाइट आहे, मॅग्नेटाइट आहे. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरव, काळे कण कसे चिकटतात बघ. मीठ यंत्राला एका बाजूला ओढतं, काळी वाळू दुसऱ्या बाजूला, आणि एका फ्रिक्वेन्सीला दोन्ही एकदम सावरता येत नाहीत. मग तू सेन्सिटिव्हिटी खाली आणली असणार. आवाज थांबला, आणि खोलीही गेली.

नोक्ताचं सिम्प्लेक्स प्लस किंवा गॅरेटचं एटी प्रो ही अशी एका फ्रिक्वेन्सीची यंत्रं आहेत, एक १२ किलोहर्ट्झवर चालतं, दुसरं १५वर. दोन्ही तीन मीटर पाण्यात जातात, आणि सुरूच्या बनाखालच्या कोरड्या वाळूत उत्तम चालतात. पण पाण्यात जाणारं यंत्र आणि खाऱ्या पाण्यात शांत राहणारं यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकणारे हा फरक सांगत नाहीत. तुला हवं ते एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडून त्यांची तुलना करणारं. माइनलॅबचं इक्विनॉक्स, नोक्ताचं लेजंड, एक्सपीचं ड्यूस २ ही त्या जातीची आहेत. इक्विनॉक्स ९०० पाच मीटरपर्यंत चालतं, ड्यूस २ वीस मीटरपर्यंत. तुला वीस मीटरचं काय करायचंय? तुझी हद्द कंबर.

पल्स इंडक्शनचं कुणी सुचवेल, गॅरेटच्या सी हंटरसारखं. ते जोराचा झटका देतं, थांबतं आणि मग ऐकतं. मिठातले भोवरे तोवर विरलेले असतात, म्हणून त्याला मीठही त्रास देत नाही आणि काळी वाळूही नाही. जाड अंगठ्यांसाठी त्याच्यासारखं दुसरं नाही. पण बारीक साखळीतले भोवरेही मिठाइतक्याच झटकन विरतात. साखळीची प्रत्येक कडी यंत्राला सुटी दिसते, सबंध साखळी कधीच दिसत नाही. आणि तू शोधतेस मंगळसूत्र! काळी पोत यंत्राला दिसायची नाही, तार दिसली तर दिसली. वाजतील त्या दोन वाट्या, आणि त्या पोकळ, पातळ पत्र्याच्या. म्हणजे आवाज चॉकलेटच्या चांदीसारखाच येणार. आता कळलं, गाळणी लावू नकोस असं मी का ओरडतो?

खोलीच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नकोस. अंगठीएवढी वस्तू वीतभर, फार तर दीड वीत खाली सापडते. दहा मीटर खोल दाखवणारी किंवा अँटेना फिरवून लांबून सोनं दाखवणारी म्हणून जी विकतात ती शुद्ध फसवणूक आहे. तुझ्या पगारातला एक रुपयाही त्यात जाऊ देऊ नकोस. डबा उघडण्याआधी एवढं विचार की पाण्यात फक्त कॉइल चालते की वरची पेटीसुद्धा, कारण पुष्कळ स्वस्त यंत्रांत पेटीला थेंबही चालत नाही. बिनतारी हेडफोनचा सिग्नल खाऱ्या पाण्याखाली जात नाही, म्हणून तारेचा, पाण्यात चालणारा घे. मोठी कॉइल पाण्यात हाताला ओढते. अकरा इंच पुरे. घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवायचं, आणि चार्जिंगची टोकं सुकल्याशिवाय वायर लावायची नाही. भोकांचं स्टीलचं स्कूप परदेशातून मागवू नकोस, बाजारपेठेतला फॅब्रिकेशनवाला लांब दांड्याचं करून देईल. भोकं करंगळीच्या नखापेक्षा मोठी नकोत, कुडी निसटते.

पण मला सर्वांत जास्त खुपलं ते निराळंच. त्या दिवशी वद्य अष्टमी होती. आजोबांनी तुम्हा सगळ्या पोरांना शिकवलं होतं, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे संध्याकाळी सहाला तू ऐन भरतीत उभी होतीस! तीच जागा दुपारी बाराला कितीतरी उथळ असती. भांगाचं पाणी म्हणून निभावलं. उधाणाचं असतं तर हे पत्र मी कुणाला लिहिलं असतं? यंत्र कानात ओरडत असतं तेव्हा मागची लाट ऐकू येत नाही. गणपतीपुळ्याचं पाणी वरून शांत दिसतं आणि खालून ओढतं; दरवर्षी तिथे पोहणारी, धडधाकट माणसं जातात. वाळूत पाकट असतं, पाय उचलून टाकायचा नाही, सरकवत न्यायचा. हे मी ताईला लिहिलेलं नाही, तिची झोप मला उडवायची नाही. तुझी उडाली तर बरं.

कायद्याचं थोडक्यात. हरवलेली वस्तू सापडली तर १८७२च्या करार कायद्याने तू तिची राखणदार, मालक नव्हेस. जमिनीत दडलेलं जुनं काही दहा रुपयांवरचं निघालं तर १८७८च्या कायद्याने कलेक्टरला कळवायचं. आणि विजयदुर्ग, सिंधुदुर्ग किंवा पुरातत्त्व खात्याच्या कुठल्याही जागेच्या आसपास यंत्र घेऊन फिरकायचंसुद्धा नाही. तुझ्या मनात लोभ नाही हे मी जाणतो, पण तिथल्या पहारेकऱ्याला ते कसं कळणार?

मंगळसूत्राची आशा मी सोडलेली नाही. सोनं जड, ते वाळूत खाली बसतं, सहसा लांब जात नाही. तू उभी होतीस तिथून किनाऱ्यावरच्या कुठल्या दोन खुणा एका रेषेत दिसत होत्या ते आठवून आजच कागदावर लिही. अमावास्येला पाणी सर्वांत मागे जाईल, संध्याकाळी पाचच्या सुमारास. चारला सुरुवात करायची, पाण्यामागोमाग खाली सरकायचं, किनाऱ्याला समांतर, सावकाश, ओल्या वाळूतच. अंधाराआधी बाहेर. काठावर तुझा दादा उभा राहील, त्याचे डोळे समुद्राकडे, तुझे वाळूकडे. त्या मुलीचा फोन नंबर घेतला आहेस ना? नसेल तर आधी तिच्या लॉजवर जाऊन घे.

यंत्राची ऑर्डर अजून देऊ नकोस. कुठलं घेतेस ते मला कळव, कमी पडतील ते पैसे मी पाठवतो. आणि माझा फोन येईपर्यंत, मनू, घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही.

तुझा,
मामा