शिकागो विद्यापीठाचें क्रीडांगण

शिकागो शहराचें नांव निघालें कीं मराठी वाचकांस प्रथम स्मरण होतें तें १८९३ सालच्या सर्वधर्मपरिषदेचें व विवेकानंदांच्या तेथील भाषणाचें. ती परिषद ज्या अफाट जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें भरली, त्याचा एक भाग शहराच्या दक्षिणेस मिडवे नांवाच्या लांबलचक हिरव्या पट्ट्यावर मांडला होता. जगांतील पहिला राक्षसी पाळणा तेथेंच फिरला. त्याच पट्ट्याच्या कांठीं एक विद्यापीठ आदल्याच वर्षीं, १८९२ च्या ऑक्टोबरांत, सुरू झालें होतें. पाळणा गेला, प्रदर्शनाचे मंडप गेले, विद्यापीठ राहिलें. कन्येकडे शिकागोस मुक्काम असतां आम्हीं तें पाहिलें. तेथील करड्या दगडाच्या इमारतींचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. आम्हांस सांगावयाचें आहे तें एका मैदानाविषयीं, जें आज त्या जागीं नाहीं.

मैदान फुटबॉलचें, पण आपल्या ओळखीचा हा फुटबॉल नव्हे. अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यांत पायाचें काम थोडें व छातीचें फार. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. तो कवटाळून पळावयाचें, आणि समोरच्या अकरा गड्यांनीं पळणाऱ्याला धरून जमिनीवर आपटावयाचें. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें तर डाव हातीं राहातो, नाहीं तर प्रतिपक्षाकडे जातो. ज्यानें लहानपणीं हुतुतूंत दमदार गड्याची तंगडी धरली असेल, त्याला या खेळाचें मर्म पांच मिनिटांत कळेल. आमचे जांवईबापू आम्हांला तें अर्धा तास इंग्रजी संज्ञांनीं समजावीत होते. हुतुतूचें नांव काढतांच त्यांचेंही काम सोपें झालें.

या विद्यापीठाला पैसा रॉकफेलरचा, पण कल्पना विल्यम रेनी हार्पर या पहिल्या अध्यक्षाची. हार्पर हा हिब्रू भाषेचा पंडित. येल विद्यापीठांत तो शिकवीत असतां त्याच्या वर्गांत अमॉस अलोंझो स्टॅग नांवाचा तरुण होता. धर्मोपदेशक व्हावें म्हणून तो आला होता. पण आपल्याला वक्तृत्व साधणार नाहीं असें त्याच्या मनानें घेतलें, आणि मैदान हेंच आपलें व्यासपीठ असें त्यानें ठरविलें. हार्परनें नवें विद्यापीठ उभारतांना आरंभींच या तिशींतल्या शिष्याला बोलावून घेतलें, आणि तेंही नुसता खेळ शिकविणारा म्हणून नव्हे. शारीरिक शिक्षणाचा स्वतंत्र विभाग काढून त्याला त्याचा प्रमुख केलें, व प्राध्यापकांच्या पंक्तींत कायमची जागा दिली. आमची सारी हयात शाळेंत गेली. तेथें ड्रिल-मास्तरांची खुर्ची शिक्षकांच्या सभेंत दाराजवळ, आणि बहुधा रिकामी. कालिदासानें शरीराला धर्मसाधनांत अग्रस्थान दिलें, हें आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून पाठ करविलें. त्याप्रमाणें पगार-पत्रक बदललेलें मात्र आम्हीं शिकागोच्या इतिहासांतच प्रथम वाचलें.

पहिल्या वर्षीं गडी इतके थोडे कीं स्टॅगला स्वतःच खेळांत उतरावें लागे. पुढें मात्र त्यानें एक्केचाळीस हंगाम संघ घडविला. ज्या मंडळाला पुढें ‘बिग टेन’ हें नांव रूढ झालें त्याच्या संस्थापकांत शिकागो होतें, आणि १८९९ ते १९२४ या काळांत तेथील अजिंक्यपद त्यानें सात वेळां मिळविलें. १९०५ च्या ३० नोव्हेंबरला मिशिगनचा संघ शिकागोंत आला, तेव्हां तो सतत छप्पन्न सामने अपराजित होता. शिकागोनें त्याला दोन विरुद्ध शून्य असें हरविलें. आंकडा केवढा क्षुद्र, आणि त्याचा गाजावाजा केवढा! संघाला ‘मिडवेचे राक्षस’ म्हणूं लागले, मैदानाला स्टॅगचें नांव मिळालें, आणि प्रेक्षकांच्या पायऱ्या वाढत वाढत सुमारें पन्नास हजार माणसें मावतील एवढ्या झाल्या.

त्याच १९०५ सालीं या खेळापायीं देशभर दीड डझनांच्या आसपास तरुण प्राणास मुकले. प्रेसिडेंट रूझवेल्टनें मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून कान उपटले, तेव्हां कोठें नियम सुधारले आणि पुढल्या वर्षापासून चेंडू पुढें फेंकण्याची मुभा मिळाली. त्यामुळें गर्दींतली चेंगराचेंगरी कांहीं कमी झाली. जेथें तिकिटें खपतात तेथें सुधारणेला प्रेतें मोजावीं लागतात, हा अनुभव एकट्या अमेरिकेचा नाहीं.

१९२९ सालीं रॉबर्ट मेनार्ड हचिन्स हा अवघ्या तीस वर्षांचा गृहस्थ विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. त्याचा भर प्राचीन ग्रंथांच्या अध्ययनावर. स्टॅगला सत्तरावें वर्ष लागतांच वयाच्या नियमावर बोट ठेवून त्याला निवृत्त करण्यांत आलें. दुसरें मानाचें काम देऊं केलें होतें. म्हाताऱ्यानें तें नाकारलें आणि तो कॅलिफोर्नियांत पॅसिफिक कॉलेजाचा संघ शिकवावयास गेला. १९३८ सालीं तो तोच संघ घेऊन शिकागोस आला, आणि स्वतःच्या नांवाच्या मैदानावर त्यानें आपल्या जुन्या विद्यापीठाला बत्तीस विरुद्ध शून्यानें धूळ चारली. त्या वेळीं त्याचें वय शहात्तर होतें. पुढें तो एकशेंदोन वर्षें जगला.

मधल्या काळांत जे बर्वांगर हा एक असामान्य गडी शिकागोस लाभला. देशांतील सर्वोत्तम विद्यार्थी-खेळाडूला देण्याचा जो चषक पुढें ‘हाइझमन’ नांवानें प्रसिद्ध झाला, तो १९३५ सालीं पहिल्यांदां याला मिळाला. धंदेवाईक संघांच्या निवडींतही पुढल्या वर्षीं पहिलें नांव याचेंच निघालें. पण यानें तो मार्ग धरला नाहीं, पुढें कारखानदारी केली. त्याच्या मावशीनें चषकाचा उपयोग दाराला अटकाव म्हणून केला असें सांगतात. ती माउली आम्हांला फार आवडली.

परंतु एका गड्यानें संघ होत नाहीं. इतर विद्यापीठें खेळाडू शोधून, पोसून आणीत. शिकागो तसें करीना. १९३९ च्या हंगामांत हार्वर्डनें एकसष्ट, ओहायोनें एकसष्ट आणि मिशिगननें पंच्याऐंशी गुण केले, व तिन्ही वेळां शिकागोचा भोपळा. हचिन्सचें म्हणणें असें कीं, प्रवेशद्रव्य आणि कीर्ति यांच्या मागें लागलेला हा खेळ विद्येचा नाहींच, शरीरसंपदेचाही नाहीं. तो करमणुकीचा धंदा आहे. डिसेंबर १९३९ मध्यें विश्वस्तांनीं फुटबॉल बंद केला. दुसरें कोणतेंही बलाढ्य विद्यापीठ त्याच्या मागून गेलें नाहीं.

हचिन्सचें निदान खरें होतें असें आम्हांस वाटतें. उपचार मात्र निम्माच पटतो. धंदा नको म्हणून खेळच गाडावयाचा, हें कोठलें शास्त्र? पोरें कॉपी करतात म्हणून परीक्षाच बंद करणारा हेडमास्तर आम्हीं तरी पाहिला नाहीं.

आतां ओस पडलेल्या त्या पायऱ्यांचें काय झालें तें पाहा. पश्चिमेच्या पायऱ्यांखालीं रॅकेटनें खेळावयाच्या खेळाची एक बंदिस्त जागा होती. महायुद्धांत एन्रिको फर्मी व त्याचे सहकारी अणूची शक्ति कह्यांत आणण्याच्या खटपटींत होते. प्रयोग शहराबाहेरील रानांत व्हावयाचा होता. तेथील बांधकाम मजुरांच्या तंट्यानें रखडलें, म्हणून तो येथें आणला. प्रमुख शास्त्रज्ञ कॉम्प्टन यानें हचिन्सला आधीं विचारलें नाहीं, कारण विचारलें असतें तर त्याला नकारच द्यावा लागला असता. ग्रॅफाइटच्या चाळीस हजारांवर विटा व युरेनियम यांचा ढीग रचण्यांत शेजारच्या वस्तींतलीं, शाळा सोडलेलीं पोरेंही राबलीं. २ डिसेंबर १९४२ रोजीं दुपारीं ३ वाजून २५ मिनिटांनीं, लाखोंच्या वस्तीच्या ऐन मध्यावर, मनुष्यानें घडविलेली पहिली स्वयंचलित अणुविघटन-शृंखला चालूं झाली. शक्ति निर्माण झाली ती अर्धा वॅट. दिव्याची वातही नीट उजळली नसती. तेथून हिरोशिमापर्यंतचा काळ पावणेतीन वर्षांचा. पंच्याऐंशी विरुद्ध शून्याची लाज ज्या जागेनें पाहिली, तिच्या वांट्याला हें आलें.

१९५७ सालीं त्या पायऱ्या पाडल्या. १९६७ मध्यें, प्रयोगाला पंचवीस वर्षें झालीं त्याच दिवशीं, हेन्री मूर या शिल्पकाराची कांस्यमूर्ति तेथें उभी केली. कोणाला तींत कवटी दिसते, कोणाला धुराचा ढग. आम्हांला शिरस्त्राण घातलेला फुटबॉलचा गडीच दिसला, आणि कन्या हसली. शेजारीं १९७० पासून रेगन्स्टाइन ग्रंथालय आहे. परवानगी काढून वर गेलों तों दक्षिण आशियाच्या विभागांत ओळीनें मराठी पुस्तकें! अमेरिकन गहूं आपण रुपयांत विकत घेत होतों तेव्हां त्या रुपयांतून हिंदुस्थानांत पुस्तकें खरेदून तिकडे पाठवीत. त्या व्यवहारांतून पुष्कळ संग्रह झाला. मोल्सवर्थचा मराठी कोश आज कोणीही घरबसल्या संगणकावर पाहूं शकतो, तोही याच विद्यापीठाच्या कृपेनें. जेथें पन्नास हजार कंठ ओरडत होते तेथें आम्ही दोन तास मुकाट बसलों.

खेळ पुन्हां आला, पण सहजासहजीं नव्हे. १९६३ सालीं एका लहानशा सामन्याच्या वेळीं विद्यार्थीच निषेध म्हणून मैदानांत ठाण मांडून बसले. १९६९ पासून विद्यापीठाचा संघ पुन्हां रीतसर खेळूं लागला. नवें मैदान जुन्याच्या पश्चिमेस आहे, नांव स्टॅगचेंच. संघ आतां तिसऱ्या श्रेणींत खेळतो. त्या श्रेणींत खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ति मिळत नाहीं. बर्वांगरचा चषक क्रीडाभवनांत कांचेआड ठेवला आहे. एका शनिवारीं आम्ही सामना पाहिला. प्रेक्षक थोडे, त्यांत बरेचसे आईबापच असावेत. आमच्या पुढल्या बांकावरची एक बाई आपला मुलगा आपटला गेला कीं डोळे मिटून घेई, आणि तो उठला कीं नवऱ्याला विचारी, “आतां किती यार्ड राहिले?”