गुरो, फाँग आणि आजीचा तांब्या

गेल्या शनिवारी दुपारी मावसबहीण घरी आली. चपला काढायच्या आधीच तिने जाहीर केलं, "दादा, मंगळवारी ग्राफिक्सची ओरल आहे. इम्पॉर्टंट तेवढं सांग. एका तासात होईल ना?"

ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. हाच विषय मागच्या वेळी राहिला होता, आता परत राहिला तर वायडी, म्हणजे अख्खं वर्ष बोंबललं. मावशीने हे मला फोनवर तीनदा सांगितलं होतं. वर "तुझं ऐकते ती" असंही. म्हणजे नापास झाली तर जबाबदारी कोणाची, ते ठरलेलंच होतं.

तिची वही उघडली. 'गौरॉड शेडिंग : व्याख्या, पायऱ्या, फायदे (चार), तोटे (तीन).' त्याखाली 'फाँग शेडिंग : व्याख्या, पायऱ्या, फायदे...'

"हा गौरॉड कोण गं?"

"कोण म्हणजे? अल्गोरिदम आहे तो!"

मी हसलो खरा, पण इंजिनिअरिंगची चारही वर्षं मलासुद्धा तो अल्गोरिदमच वाटायचा. आमचे सर गौरॉड म्हणायचे, आम्ही गौरॉड लिहायचो, एक्स्टर्नल गौरॉड विचारायचे. तो आंरी गुरो नावाचा एक फ्रेंच माणूस आहे आणि त्याच्या नावातला शेवटचा 'ड' उच्चारायचाच नसतो, हे मला नोकरी लागल्यावर तीन वर्षांनी कळलं. :)

आमची ग्राफिक्सची लॅब म्हणजे एक अजब प्रकार होता. जगात सगळीकडे थ्रीडी गेम चालले होते आणि आम्ही डॉसबॉक्समध्ये टर्बो सी उघडून रेघ कशी काढायची ते शिकत होतो. आता ब्रेझनहॅमची रेघ शिकण्यात वाईट काहीच नाही. त्याने ती १९६२ मध्ये आयबीएममध्ये असताना प्लॉटरसाठी शोधली आणि नुसत्या पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीत तिरकी रेघ काढणं ही जाम देखणी युक्ती आहे. पण ती देखणी आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. जर्नलमध्ये अल्गोरिदम उतरवायचा, मागे प्रोग्रॅमची प्रिंट चिकटवायची आणि आउटपुट... हसू नका, आउटपुटचं चित्र पेन्सिलने काढायचं. कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या जर्नलमध्ये आम्ही कंपासने वर्तुळं काढली आहेत.

एकदा मी सरांना विचारलं होतं, "सर, फाँगमध्ये नॉर्मलच का इंटरपोलेट करायचे? रंगच का नाही?" सर म्हणाले, "सिलॅबसमध्ये नाही ते. प्रोग्रॅम रन होतोय ना? मग पुढचं असाइनमेंट घे." सरांचं तरी काय चुकलं? चार बॅच, निम्मे पीसी बंद आणि टेबलावर इन्स्पेक्शनच्या फायलींचा ढीग. पण त्या दिवसानंतर मी 'का' विचारणं बंद केलं. ग्राफिक्समध्ये काहीतरी करावं असं फर्स्ट इयरला वाटायचं, ते कधी विरून गेलं ते कळलंही नाही. कॅम्पसमध्ये नोकरी लागली, बँकेचा प्रोजेक्ट मिळाला. असो.

तर वही हातात घेऊन बसलो होतो आणि आठवला तो आमच्या टीममधला फ्रेशर. मागच्याच महिन्यात त्याने मला विचारलं होतं, "आपली सर्व्हिस फेल झाल्यावर लगेच रिट्राय का करत नाही? दर वेळी आधीच्या दुप्पट का थांबते?" माझी रिलीज होती, डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, "चालतंय ना? मग हात लावू नकोस. तिकीट क्लोज कर." तो "ओके" म्हणाला. त्यानंतर त्याने मला एकही प्रश्न विचारलेला नाही. थोडक्यात काय, टर्बो सी वगळता मी हुबेहूब आमच्या सरांसारखा झालो होतो.

बहिणीला म्हटलं, "इम्पॉर्टंट उद्या. आज गोष्ट सांगतो." तिने घड्याळाकडे बघितलं, पण आजीने चहा टाकला होता त्यामुळे बसली.

गोष्ट युटाची आहे. अमेरिकेच्या पश्चिमेला, डोंगरांच्या कुशीत सॉल्ट लेक सिटी नावाचं गाव आहे. डेव्ह इव्हान्स हा मूळचा तिथलाच. तिथल्या विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स विभाग उभा करायला तो १९६५ मध्ये परत आला. १९६८ मध्ये त्याने आयव्हन सदरलँडला तिथे ओढून आणलं. हा सदरलँड म्हणजे सिलॅबसमधल्या 'कोहेन-सदरलँड' आणि 'सदरलँड-हॉजमन'मधला सदरलँड. (आणि त्यातला कोहेन म्हणजे डॅनी कोहेन. नेटवर्क्सच्या पेपरातला 'लिटल एंडियन, बिग एंडियन' हा शब्दप्रयोग संगणकात त्यानेच १९८० मध्ये रूढ केला. दोन विषयांत छळणारा एकच माणूस!) सदरलँडने १९६३ मध्ये एमआयटीत पीएचडीसाठी 'स्केचपॅड' लिहिलं होतं. लाइट पेनने थेट पडद्यावर रेघा काढायच्या आणि 'या दोन रेघा समांतर कर' म्हटलं की कॉम्प्युटरने त्या समांतर करायच्या. लोक पंच कार्डांचे गठ्ठे घेऊन रांगेत उभे राहायचे तो हा काळ, हे लक्षात घ्या.

तर या दोघांनी मुलांना काय दिलं? उत्तरं पाठ करायला देणं शक्यच नव्हतं, कारण उत्तरं कोणाकडेच नव्हती. गोल वस्तू पडद्यावर गोल कशी दिसावी, पुढच्या वस्तूने मागची कशी झाकावी, चकाकी कशी आणावी, यातलं काहीच धड सुटलेलं नव्हतं. मॉडेल बनवायला सॉफ्टवेअरही नव्हतं. मग मुलांनी काय केलं? घरातलीच वस्तू उचलली.

गुरोने बायकोचा चेहरा घेतला. सिल्व्हीच्या चेहऱ्यावर चक्क रेघा आखून तिचे फोटो काढले आणि त्यावरून बिंदू मोजले. १९७१ च्या त्याच्या प्रबंधात तो चेहरा आहे. १९७२ मध्ये सदरलँडच्या वर्गाने त्याच्या बायकोची फोक्सवॅगन बीटल घेतली. गाडीवर खुणा केल्या आणि मोजपट्ट्या घेऊन सगळी पोरं तिच्याभोवती जमली. त्याच वर्षी एड कॅटमल या विद्यार्थ्याने स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा करून त्यावर शाईने साडेतीनशेच्या आसपास त्रिकोण-बहुकोन आखले आणि तो हात पडद्यावर हलवून दाखवला. हाच कॅटमल पुढे पिक्सारच्या संस्थापकांत होता आणि २०१९ चं ट्युरिंग अवॉर्ड त्याला पॅट हॅनरहानबरोबर मिळालं. १९७५ मध्ये मार्टिन न्यूवेलला मॉडेल करायला काहीतरी हवं होतं. बायको म्हणाली, हा चहाचा सेटच घे की. त्याने किटलीची रूपरेषा ग्राफपेपरवर काढली. ती किटली अजूनही ग्राफिक्सचं 'हॅलो वर्ल्ड' आहे. ग्लटमध्ये तर एका ओळीत येते, 'टॉय स्टोरी'तही दिसते. गंमत म्हणजे पहिल्या मॉडेलमध्ये तिला बूड नव्हतं आणि खरी किटली पडद्यावरच्या किटलीपेक्षा उंच आहे.

"आणि फाँग?" बहिणीने विचारलं. चहा कधीच संपला होता.

फाँगचं पूर्ण नाव बुई तुओंग फाँग. मूळचा व्हिएतनामचा, फ्रान्समार्गे युटाला आलेला. व्हिएतनामी नावात आडनाव आधी येतं, म्हणजे फाँग हे त्याचं पाळण्यातलं नाव. आपण 'सुरेश शेडिंग' म्हणावं तसं ते आहे. १९७३ मध्ये पीएचडी झाली, जून १९७५ मध्ये त्याचा प्रसिद्ध पेपर छापून आला आणि त्याच वर्षी तो ल्युकेमियाने गेला. तिशी नुकतीच ओलांडली होती.

बहीण वहीकडे बघत राहिली. 'तोटे : १) वेळ जास्त लागतो.' मग म्हणाली, "माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनीच मोठा की रे."

रविवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. युटाकडे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा पैसा होता, आपल्याकडे कुठे, हे मान्य. पण मोजपट्टी आणि सुतळी तर आपल्याकडेही आहे. आजीचा तांब्याचा तांब्या घेतला. तांबट आळीतला, हाताने ठोकलेला. आजीच्या नकळत त्यावर पर्मनंट मार्करने बारा उंचींवर खुणा केल्या. प्रत्येक खुणेशी सुतळी गुंडाळायची, लांबी मोजायची आणि ६.२८ ने भागायचं, की आली त्रिज्या. पोटाशी ३८ सेंटीमीटर, म्हणजे त्रिज्या साधारण ६. गळ्याशी २४, म्हणजे ३.८. तांब्या गोल असल्यामुळे पूर्ण मोजायची गरजच नाही. एका बाजूचे बारा बिंदू घ्यायचे आणि दहा-दहा अंशांनी छत्तीस वेळा फिरवायचे. झाले ४३२ बिंदू. साइन आणि कोसाइन याच कामासाठी असतात हे बहिणीला प्रथमच पटलं.

पहिल्यांदा पडद्यावर आला तो तांब्या नव्हताच, चांगला जाडजूड भोपळा होता. विंडो रुंद आणि आस्पेक्ट रेशो एकला एक ठेवलेला. "आपली पण किटली दबली!" ती ओरडली. ते तिचं तिनेच दुरुस्त केलं.

मग फ्लॅट शेडिंग लावलं. प्रत्येक चौकोनाला एकच रंग, त्यामुळे तांब्याला पैलू पडल्यासारखे दिसले. आजी चष्मा लावून बघायला आली आणि म्हणाली, "हे तर मठारकाम!" अगदी बरोबर. तांबट हातोडीने ठोके देतात तेव्हा प्रत्येक ठोक्याचा एक छोटा सपाट पैलू होतो आणि तो आपला वेगळा उजेड पकडतो.

आता कोडमध्ये 'फ्लॅट'च्या जागी 'स्मूथ' हा एकच शब्द टाकला. पैलू विरघळले. गुरोने एवढंच केलं : रंग फक्त कोपऱ्यांवर काढायचा आणि मधे एकातून दुसऱ्यात मिसळत न्यायचा. म्हणजे एका माणसाचं पीएचडीचं काम त्या एका शब्दात बसलंय. पण चकाकी आणायला गेलो तर ती नीट येईना. फिरवला की कोपऱ्याशी चमकायची, मधेच विझायची. "का?" हा प्रश्न तिने विचारला, मी नाही.

मी स्टीलचा तांब्या आणि पाण्याचा माठ खिडकीशी ठेवले. म्हटलं, मान इकडून तिकडे हलव. माठावरचा उजेड जागचा हलत नाही. स्टीलवरचा पांढरा ठिपका मात्र आपल्याबरोबर सरकतो, कारण तो कुठे दिसणार हे बघणाऱ्याच्या डोळ्यावरही अवलंबून असतं. आता हा ठिपका नेमका चौकोनाच्या मधोमध पडला तर? कोपऱ्यांवर तो नाहीच, मग कोपऱ्यांच्या रंगांची सरासरी काढून तो येणार कुठून? ती दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे रंग नाही पसरवायचा. पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे ते पसरवायचं, आणि रंग प्रत्येक पिक्सेलला नव्याने काढायचा."

हेच ते. नॉर्मल का इंटरपोलेट करायचे, याचं उत्तर. मला ते लॅबमध्ये मिळालं नव्हतं आणि आज माझ्याआधी तिने दिलं. पुढे अर्धा तास शेडरशी मारामारी केली आणि आजीच्या तांब्याच्या पोटावर एक स्थिर, गोल चकाकी आली. बाराच्या पुढे जेवायला बसलो. इम्पॉर्टंट प्रश्न संध्याकाळी केले, तासाभरातच झाले.

मंगळवारी तिचा फोन आला. एक्स्टर्नलने काय विचारलं असेल? "गौरॉड आणि फाँगमधले फरक सांगा. टेबल काढून." :) तिने टेबल काढलं. माठ आणि तांब्याचं सांगायला लागली तर ते म्हणाले, "ठीक आहे, नेक्स्ट." पण सुटली. मावशीने पेढे पाठवलेत. ग्राफिक्समध्ये पुढे काही करायचंय का, असं मी तिला मुद्दामच विचारलं नाही. तिनेच विचारलं, "दादा, किटलीची तोटी गोल फिरवून येणार नाही ना? मग न्यूवेलने ती कशी केली?" बेझिए पॅचेस पुढच्या रविवारी.

आणि हो, त्या फ्रेशरच्या डेस्कपाशी मी सोमवारीच गेलो होतो. म्हटलं, "ते रिट्रायचं तू विचारलं होतंस ना." तो घाबरून म्हणाला, "ते तिकीट मी तेव्हाच क्लोज केलंय." म्हटलं, तिकिटाचं सोड. खुर्ची ओढली आणि सांगितलं : आधीच गुदमरलेल्या सर्व्हरवर सगळे जण एकदम आणि लगेच परत आदळले तर तो कधीच सावरणार नाही, म्हणून दर वेळी जास्त थांबायचं. पाच मिनिटं लागली, फक्त पाच. त्याने मान डोलावली, प्रश्न काही विचारला नाही. बघू. एकदा बंद झालेलं तोंड लगेच उघडत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

बाकी तांब्या आजीने चिंचेने घासून परत देवापाशी ठेवलाय. मार्करची गळ्याजवळची एक रेघ काही केल्या गेलेली नाही. त्यावरून मला रोज ऐकावं लागतंय.