गलोल आणि गळ

गेली काही वर्षे पौष-माघाचे दिवस मी अंबत्तूरला मुलीकडे काढतो. चेन्नईच्या वायव्येला असलेले हे उपनगर कारखान्यांचे म्हणून ओळखले जाते. औद्योगिक वसाहतीतील पाळ्यांच्या वेळा इथल्या दिवसाला आकार देतात. पण गावाला एक जुने तळेही आहे. तमिळमध्ये त्याला 'एरी' म्हणतात. पावसाचे पाणी बांध घालून अडवायचे, खालच्या भातशेतीला द्यायचे आणि उरलेले पुढच्या गावच्या एरीत सोडायचे, अशी ही पुरातन व्यवस्था. अंबत्तूरचे जास्तीचे पाणी कोरट्टूरच्या एरीत उतरते. भातशेती कधीच घरांखाली गेली. पण ईशान्य मोसमी पाऊस बरा झाला की जानेवारीत एरी अजूनही भरलेली असते आणि बांधावर सकाळी गळ टाकून बसलेली माणसे दिसतात.

त्यांतच आमच्या शेजारचे गृहस्थ असतात. हयातभर एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करून ते निवृत्त झाले. मी त्यांना 'सार' म्हणतो, तेही मला 'प्रोफेसर सार' म्हणतात. माझे तोडके तमिळ आणि दोघांचे बेताचे इंग्रजी एवढ्यावर आमचा स्नेह चालतो. पहिल्या दिवशी त्यांच्या पिशवीतून गळाच्या काठीबरोबर एक गलोल निघाली, तेव्हा मला आश्चर्य वाटले. मासे मारायला गलोल? सार हसले. त्यांनी शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा भिजवून केलेला लिंबाएवढा गोळा गलोलीच्या वाटीत ठेवला, रबर हनुवटीपर्यंत ओढले आणि सोडून दिले. वीस-पंचवीस मीटरांवर पाण्यात टपकन आवाज झाला. लागोपाठ तीन गोळे त्याच जागी पडले. मग त्यांनी तिथेच गळ टाकला आणि ते स्वस्थ बसून राहिले. हाताने इतक्या लांब आणि इतके नेमके खाद्य फेकता येत नाही, म्हणून हे साधन.

गलोलीशी माझा परिचय कृष्णाकाठच्या बालपणातला. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर चढलेली मोठी माणसे गोफण फिरवीत. आम्हा पोरांच्या हाती गलोल असे. बाभळीचे बेचके, जुन्या चपलेच्या चामड्याचा तुकडा आणि वडिलांच्या हर्क्युलस सायकलीच्या बाद ट्यूबच्या दोन पट्ट्या, एवढे तिचे भांडवल. योगायोग असा, की सायकलींचा तो कारखाना १९४९मध्ये याच अंबत्तूरला स्थापन झाला आणि हर्क्युलस इथेच बनू लागली. माझ्या पहिल्या शस्त्राची पाळेमुळे या गावात असावीत, हे मला साठी उलटल्यावर कळले. शस्त्र हा शब्द मी जाणून वापरतो. त्या गलोलीने मी कैऱ्या पाडल्या, सरडे मारले आणि एकदा एक होला मारला. हातात आल्यावर तो अजून ऊबदार होता.

गलोल आपल्याला फार प्राचीन वाटते, पण तिचे आजचे रूप तसे नवे आहे. चार्ल्स गुडइयर यांनी गंधकाच्या योगे रबर पक्के करण्याची रीत १८३९मध्ये शोधली आणि १८४४मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याआधी ताणून पुन्हा पूर्ववत होणारे टिकाऊ रबरच नव्हते, म्हणून रबरी गलोलही नव्हती. मूळ फारसी 'गुलेल' म्हणजे मातीच्या गोळ्या मारण्याचे धनुष्य. तमिळमध्ये गलोलीला 'उंडिविल्' म्हणतात. त्याचाही अर्थ गोळीचे धनुष्य. वस्तू बदलली तरी दोन्हीकडे जुना शब्द नव्या वस्तूला चिकटून राहिला. भाषेत असे वारंवार घडते. शब्द तोच राहतो आणि हातातले काम बदलते.

सारांच्या गलोलीत काम पुरते बदललेले होते. लक्ष्य भेदणे हा तिचा हेतूच नाही. तिला कोणाला लागायचे नसते. जिथे कोणी नाही तिथे अन्न पोहोचवायचे असते. मग तिची निवडही वेगळ्या कसोटीवर होते. शिकारीच्या गलोलीचे बेचके अरुंद चालते, हिचे रुंद हवे. नाहीतर ओला गोळा बेचक्याला आपटून फुटतो. दगडाला चामड्याची सपाट पट्टी पुरते, गोळ्याला खोलगट वाटी लागते. रबर किती ताठ असावे हे जोरावर नव्हे, अंतरावर ठरते. जवळच्या फेकीला ताठ रबर घेतले तर झटक्याने गोळ्याचा हवेतच भुगा होतो आणि खाद्य पाण्यावर भलतीकडे पसरते. लांबच्या फेकीला मऊ रबर पुरत नाही. म्हणून सार दोन गलोली बाळगतात. पट्टीपेक्षा शुद्ध लॅटेक्सची पोकळ नळी त्यांना पसंत. मी माझ्या सायकलच्या ट्यूबचा अभिमान सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "आताच्या बहुतेक ट्यूब ब्यूटिल रबराच्या असतात, सार. त्या हवा छान धरतात, पण झेप देत नाहीत."

देखभालीविषयी तर ते यंत्रशाळेतल्या शिस्तीने बोलतात. नैसर्गिक रबराचे शत्रू चार: ऊन, उष्णता, तेल आणि ओझोन. पेंडीचे तेल बोटांवाटे रबराला लागते, ते फुगते आणि कमकुवत होते. म्हणून घरी आल्यावर गलोल साबणाच्या पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची, शंखजिऱ्याची पूड लावून डब्यात ठेवायची. ताणून खुंटीला अडकवायची नाही. पाण्याच्या पंपाजवळ तर नाहीच. विजेच्या मोटारीतल्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि ताणलेल्या रबराला बारीक चिरा पाडतो. चिरा बहुधा नळी जिथे बेचक्यावर किंवा वाटीला बांधलेली असते तिथे सुरू होतात. अशी चीर दिसली तर तेवढा तुकडा कापून पुन्हा बांधायचे. मात्र दुसऱ्या बाजूनेही तेवढेच कापायचे. एक बाजू आखूड राहिली तर गोळा कायम एकीकडे जातो आणि माणूस आपल्या नेमाला दोष देत बसतो. बांधायला तार वापरायची नाही, ती रबर कापते. रबराचीच पातळ पट्टी ताणून गुंडाळायची.

"आणि चीर दिसली नाही तर?" मी विचारले.

त्यांनी उजव्या डोळ्याखालचा पांढरा व्रण दाखवला. पूर्ण ताणलेले रबर तुटले की ते पुढे जात नाही, ओढणाऱ्याच्या तोंडावर येते. "माशाला काही होत नाही," ते म्हणाले. म्हणून दर फेकीच्या आधी ते नळी हलकेच ताणून उजेडात पाहतात.

तो व्रण पाहताना मला एक जुनी गोष्ट आठवली. ती मी आजवर लिहिलेली नाही.

१९८८च्या सुमाराची गोष्ट. प्रबंध नुकताच पुरा झाला होता आणि एका नियतकालिकात मी पुस्तक परीक्षणे लिहीत असे. तालुक्याच्या गावी शिक्षक असलेल्या एका तरुणाचा पहिला कवितासंग्रह माझ्याकडे आला. मी तो पेन्सिल हातात घेऊन वाचला आणि चार कवितांपुढे खुणा केल्या. त्या मला आवडल्या होत्या. परीक्षणात मात्र त्या चारांचा उल्लेख आला नाही. बाकीच्या कवितांतील उसनेपणा मी सप्रमाण दाखवला आणि शेवटी एक चटकदार वाक्य लिहिले. त्या वाक्याची पुष्कळ वाहवा झाली. त्या कवीचा दुसरा संग्रह निघाला नाही.

पुढे वीसेक वर्षांनी एका चर्चासत्राला मी त्याच गावी गेलो. चहाच्या वेळी एक पिकल्या केसांचे गृहस्थ जवळ आले, त्यांनी नाव सांगितले आणि माझ्या परीक्षणाचे शेवटचे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले. स्वरात राग नव्हता. "वाक्य चांगले होते सर," एवढेच म्हणून त्यांनी माझ्यासमोर बिस्किटांची बशी धरली. मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुधा हवापाण्याविषयी बोललो असेन.

माझे विश्लेषण चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. उसनेपणा होताच. पण नेम अचूक असणे आणि काम योग्य असणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे मला उमगले नव्हते. वाचकाला त्या चार कवितांपाशी नेऊन सोडणे हेही माझे काम होते. मी एक बाजू आखूड बांधली आणि सगळे गोळे एकीकडेच गेले.

खाद्य फेकण्याची ही उपमा मी फार ताणू इच्छित नाही. ताणल्याचे परिणाम वर सांगितलेच आहेत. शिवाय हे आमंत्रण निरागस नाही. खाद्याच्या पाठोपाठ गळ असतो आणि सारांच्या घरी दुपारी कटल्याचे कालवण असते. होल्याच्या आणि कटल्याच्या मरणात फरक आहे, असे कटल्याला सांगणे कठीण. तरीही एक फरक राहतोच. गलोलीने मारणारा एका क्षणात मोकळा होतो. गलोलीने खाद्य टाकणाऱ्याला त्यानंतर बसून राहावे लागते. थोडे टाकायचे, त्याच जागी टाकायचे आणि वाट पाहायची. जास्त टाकले तर मासा पोट भरून निघून जातो. समीक्षेत मी उलटे केले. एकदाच, जोराने, आणि पाठ फिरवून.

यंदा निघताना सारांनी मला एक गलोल दिली. बेचके त्यांनी स्वतः ॲल्युमिनियमच्या सळीचे वाकवून केले होते. "तुमच्या गावी नदी आहे ना?" ते म्हणाले. नदी आहे. गळ टाकायला मी कधी जाईन असे वाटत नाही. पण घरी आल्यावर मी ती धुतली, पूड लावली आणि डब्यात ठेवली. मग माडीवरच्या कपाटातून तो संग्रह शोधून काढला. पाने पिवळी पडली आहेत, पेन्सिलीच्या खुणा पुसट झाल्या आहेत, पण चारही ओळखू येतात. त्या चार कवितांवर मी लिहायला घेतले आहे. लेख लहान आहे. शेवटचे वाक्य मी दोनदा खोडले. ते फार चांगले झाले होते.