पाठीमागचे डोळे

मोटार वेगाने कशी हाकावी, याविषयी चार गोष्टी सांगायला कोणीही तयार असतो. ती जागेवर नीट कशी लावावी, हा विषय मात्र क्षुद्र मानला जातो. धावत्या घोड्याची चित्रे घरोघर टांगलेली दिसतात, तबेल्यात मागे सरणाऱ्या घोड्याचे चित्र कोणी टांगल्याचे आमच्या पाहण्यात नाही. वास्तविक कितीही वेगवान मोटार झाली, तरी तिला अखेर कोठेतरी थांबावेच लागते आणि थांबण्यापूर्वी बहुधा थोडे मागे यावे लागते. स्पोर्ट्स मोटारीला गाडी लावताना मदत करणारी साधने बसवावीत की बसवू नयेत, असा प्रश्न आमच्या घरात यंदाच्या उन्हाळ्यात निघाला, तेव्हा या उपेक्षित विषयाकडे आमचे लक्ष गेले.

आमचे गाव सोनकच्छ. देवास जिल्ह्यात, काली सिंध नदीच्या आश्रयाने, इंदूर-भोपाळ रस्त्यावर ते वसले आहे. शिंदे, होळकर आणि पवार यांच्यामागून जी मराठी कुटुंबे माळव्यात आली, त्यांपैकी आमचे एक. आमची गल्ली अशी आहे की, समोरासमोरून दोन गाड्या आल्या तर त्यांपैकी एकीला मागे सरण्याचे औदार्य दाखवावेच लागते. गल्लीत म्हशी बसतात, भाजीची हातगाडी उभी असते, आणि संध्याकाळी गोट्यांचा डाव तर नेहमीचाच.

धार जिल्ह्यात याच्या अगदी उलट देखावा आहे. पीथमपूरजवळ मोटारींची परीक्षा घेण्यासाठी बांधलेला ११.३ किलोमीटर लांबीचा लंबवर्तुळाकार वेगमार्ग जून २०२१ मध्ये सुरू झाला. तेथे ना म्हैस, ना हातगाडी, ना वळणावर अचानक पुढे येणारे पोर. अशा मार्गावर स्पोर्ट्स मोटारीचे सारे गुण उजेडात येतात. तीच मोटार आमच्या गल्लीत आली की तिचे सारे अवगुण उजेडात येतात! एकाच वस्तूची ही दोन रूपे ध्यानात ठेवल्यावाचून प्रस्तुत प्रश्नाचा निर्णय लागणार नाही.

प्रश्न निर्माण झाला तो आमच्या काकांमुळे. ते इंदूरला नोकरीस असतात. पुष्कळ वर्षे पैसा साठवून त्यांनी दोन आसनांची एक जुनी स्पोर्ट्स मोटार विकत घेतली. मोटार २०१६ सालची. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागील बाजूस अडथळ्याची सूचना देणारे सेन्सर सक्तीचे झाले; परंतु काकांची गाडी त्यापूर्वीची असल्याने तिच्यावर असे काही नव्हते. ते नव्याने बसवायचे, तर मागच्या बंपरला चार भोके पाडावी लागणार होती. येथेच काकांचे पाऊल अडले. त्या गुळगुळीत, लाल, नितळ पृष्ठभागाला गिरमिट लावण्याची कल्पनाच त्यांना सहन होईना.

ओसरीवर सभा भरली. काकांचे म्हणणे थोडक्यात असे : स्पोर्ट्स मोटार ही चालवणाऱ्याच्या कौशल्यासाठी असते. ज्याला ती लावता येत नाही, त्याने ती घेऊच नये. शिवाय गाडी आखूड; ती कोठेही मावते. मग या किणकिणाटाची गरज काय?

आजोबा शांतपणे म्हणाले, "अरे, बैलगाडी मागे घेतानासुद्धा आम्ही एक माणूस खाली उतरवत असू. तो काय आम्हांला गाडी हाकता येत नव्हती म्हणून?"

आजोबांच्या या बोलण्यात फार मोठा अर्थ आहे, असे आम्हांस वाटते. मागे येणाऱ्या वाहनाला दुसऱ्याच्या डोळ्यांची मदत घेणे ही नवी गोष्ट नव्हे. मालमोटारीचा क्लीनर मागे उभा राहून "आने दो, आने दो" असे ओरडतो आणि वेळ येताच फळीवर थाप मारून "बस!" म्हणतो, हे आपण रोज पाहतो. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांच्यासाठी १९३५ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्या कारखान्यात लांब नाकाची एक देखणी मोटार बांधली गेली. तसल्या मोटारी बाळगणाऱ्यांच्या पदरी माणसे असत. गाडी मागे घेताना डोळ्यांची उणीव पडण्याचे कारण नव्हते. आजचा स्पोर्ट्स मोटारवाला बहुधा एकटाच असतो. त्याचा क्लीनर म्हणजे हा सेन्सर, एवढाच फरक.

तो काम कसे करतो, हे आमच्या विज्ञानप्रेमी वाचकांस सांगावयास हवे. माणसाच्या कानाला साधारणपणे सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सेन्सर त्याहून कितीतरी उंच स्वराचा आवाज सोडतो आणि वटवाघळाप्रमाणे त्याच्या प्रतिध्वनीची वाट पाहतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून एक मीटरवरच्या भिंतीवर आपटून परतायला त्याला एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यांतले सहा भाग पुरतात. या वेळेवरून यंत्र अंतर काढते आणि अंतर घटेल तसतशी किणकिण जलद करते. टोयोटा कंपनीने १९८२ साली आपल्या कोरोना नावाच्या मोटारीवर असे साधन देऊ केले. आणखी एक गोष्ट काकांना ऐकवण्यासारखी होती. कारखान्यातूनच मागचा कॅमेरा घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या मोटारींत टोयोटाची १९९१ सालची सोअरर गणली जाते. आणि ती होती दोन दारांची, दिमाखाने धावणारी गाडी! तेव्हा ही साधने म्हणजे केवळ बोजड कुटुंबवत्सल गाड्यांचे लेणे, हा समज खरा नव्हे.

परंतु केवळ इतिहासाने वाद मिटत नाहीत. म्हणून आम्ही भावंडांनी अंगणात एक प्रयोग केला. मोटार उभी, यंत्र बंद, हातब्रेक ओढलेला, किल्ली काकांच्या खिशात. आमच्यापैकी एक जण चालकाच्या जागी बसला. स्पोर्ट्स मोटारीचे आसन जमिनीलगत असते, मागची काच अरुंद आणि पाठीचा भाग उंच. आमची पाच वर्षांची धाकटी बहीण गाडीमागे उभी राहिली, तेव्हा काचेतून तिच्या केसांची रिबीन तेवढी दिसली. मग आम्ही तिला गोट्या वेचायला खाली बसायला सांगितले. रिबीनही गेली. ती बसल्या-बसल्या मागे सरकत गेली आणि आम्ही टेप धरून मोजत गेलो. सुमारे सात मीटरांवर, तुळशीवृंदावनाच्या अलीकडे, तिचे डोके पुन्हा दिसू लागले. म्हणजे गाडी आणि वृंदावन यांच्यामध्ये बसलेले मूल चालकाच्या लेखी नव्हतेच.

हा आकडा ऐकून ओसरीवरचे हसणे थांबले. आजीने धाकटीला जवळ ओढून घेतले. काका स्वतः आसनावर जाऊन बसले, बराच वेळ आरशात पाहत राहिले आणि काही न बोलता उतरले.

आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. "ही साधने परवडतात काय?" असे विचारताना आपण नेहमी गाडीच्या मालकाचा हिशेब करतो : बंपर किती रुपयांचा, भोके पाडल्याने किंमत किती घटेल, शोभा किती जाईल. पण मागे बसलेल्या मुलाचा हिशेब त्या वहीत कोणी मांडत नाही. अमेरिकेत २००८ साली झालेल्या कायद्यामागे हेच दुःख होते : मागे येणाऱ्या गाड्यांखाली लहान मुले सापडत, आणि पुष्कळदा गाडी चालवणारे घरचेच असत. त्या कायद्याला अनुसरून मे २०१८ पासून तेथील नव्या मोटारींना मागचा कॅमेरा बंधनकारक झाला. कौशल्याचा अभिमान बाळगावा. परंतु जे दिसतच नाही, तेथे कौशल्य काय करणार?

तथापि या साधनांची स्तुती करताना त्यांच्या मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. मागच्या सेन्सरचा पल्ला बहुधा दीड-दोन मीटरांचा. ताशी पाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीने, गाडी मागे आली, तरी एका सेकंदात ती जवळजवळ १.४ मीटर सरकते. आणि किणकिण ऐकून ब्रेकवर पाय पडायला तेवढा वेळ सहज जातो. यापेक्षा घाई करणाऱ्याला सेन्सर वाचवू शकत नाही. मऊ कपडे आवाज शोषून घेतात. बारीक खांब, जमिनीलगतची वीट किंवा ओटा कित्येकदा त्याच्या ध्यानात येत नाही. आणि माळव्यातल्या चिखलाचा एक थर वर बसला की यंत्राची मती गुंगते. कॅमेऱ्याला वीट दिसते. पण त्याच्या भिंगावरही धूळ बसतेच. पुढच्या बाजूच्या सेन्सरांची गोष्ट निराळी. पुष्कळ स्पोर्ट्स मोटारींचे पोट जमिनीपासून जेमतेम बारा-तेरा सेंटिमीटर उंच असते. तिच्या नाकाला खरा धोका बुटक्या कठड्याचा, आणि नेमका तोच सेन्सरला नीट कळत नाही. गाडी आपोआप जागेवर लावून देणारी यंत्रेही निघाली आहेत. पण दोन आसनांच्या आखूड गाडीला तो थाट आम्हांस अनावश्यक वाटतो. स्टिअरिंग फिरवण्याचा आनंद ज्याने विकत घेतला, त्याने तो पुन्हा यंत्राच्या हवाली का करावा?

एवढे विवेचन झाल्यावर काका म्हणाले, "सगळे पटले, पण भोके पाडायची म्हणजे..."

आजी एरवी अशा चर्चेत पडत नाही. ती म्हणाली, "सोंगाचा मुखवटा कितीही देखणा असला, तरी डोळ्यांना भोके ठेवावीच लागतात रे बाळ. नाहीतर सोंगाड्या पडतो, आणि बघणाऱ्यांच्या अंगावर पडतो."

यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. निर्णय झाला तो असा : मागचे सेन्सर आणि मागचा कॅमेरा बसवावा, पुढचे सेन्सर आणि आपोआप गाडी लावणारे यंत्र यांच्या मागे लागू नये. पुढच्या आठवड्यात इंदूरच्या एका कारागिराने चारही भोके अशी सफाईने पाडली आणि सेन्सरच्या टिकल्यांना असा जुळता लाल रंग दिला, की दहा पावलांवरून त्या ओळखूही येत नाहीत. आजोबांनी मात्र एक अट घातली. यंत्र असो वा नसो, गल्लीत गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती पायी एक प्रदक्षिणा घालायची. काकांनी ती आनंदाने मान्य केली.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी स्पोर्ट्स मोटार नसेल. परंतु जीप, रिक्षा, ट्रॅक्टर यांपैकी काहीतरी दाराशी येतच असेल. आमच्या प्रयोगाला एक टेप, एक धाकटे भावंड आणि पाव तासाचा वेळ लागला. यंत्र बंद करून, किल्ली वडीलधाऱ्यांच्या हाती देऊन, तुम्हीही तो करून पाहा. येणारा आकडा घरातल्या गाडी चालवणाऱ्यांना सांगा, आणि गोट्यांचा डाव त्या अंतराच्या पलीकडे मांडा.