ठिणग्यांखालच्या ओळी

सिंगापूरचं तुआस लिंक स्टेशन. गाडीला अजून वेळ आहे. खाली रस्त्यावरून कामगारांनी भरलेल्या लॉऱ्या डॉर्मिटरीकडे चालल्या आहेत.

आज यार्डात एका बांगलादेशी वेल्डरने स्टीलच्या प्लेटवर खडूने मापं टाकली आणि कडेला दोन ओळी लिहिल्या. थोड्याच वेळात त्या जळून जाणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी एक शब्द त्याने बोटाने पुसून बदलला. तो बदललेला शब्द दिवसभर डोक्यातून जात नाही.

इथल्या स्थलांतरित कामगारांची काव्यस्पर्धा २०१४ मध्ये सुरू झाली. पहिली दोन्ही वर्षं ती बांधकामावर राबणाऱ्या जाकिर हुसेन खोकनने जिंकली. आपले नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते. १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आलं. सुचायला निवांतपणा हवा, हे मला आता मुळीच पटत नाही. सुर्व्यांना कुठला निवांतपणा मिळाला होता?

उद्या जेवणाच्या सुट्टीत त्या वेल्डरला त्या ओळी म्हणायला लावणार. बंगाली येत नाही मला, पण लय तर कळेल. जमलं तर माझीही एक कविता ऐकवीन.